भिका, तू रडला होतास

भिका, तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात आंबेगावचे पाटील आणि मंचरचे कीर्तनकार बुवा जुन्नरला माझ्या दारी आले. पाटील ओट्यावरच बसले, बुवा आत आले. तुझी समाधी बांधायची ठरली आहे, नदीकाठी दगडसुद्धा आणून टाकले आहेत, असं त्यांनी सांगितलं. माझ्याकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. मी तुझा लहानपणापासूनचा सोबती, शिवाय सरकारी देवी काढणारा, पोरांना देवीची लस टोचणारा, ज्याला गावोगाव डॉक्टरच म्हणतात, म्हणजे माझ्या शब्दाला वजन. आंबेगावच्या बाजाराच्या दिवशी चार लोकांसमोर मी सांगावं, की भिकाजी सणगराला आत्मज्ञान झालेलं होतं आणि त्याची खूण म्हणजे पोटचा पोर गेला तेव्हाही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

मी म्हटलं, बाजाराला येतो. काय सांगेन ते बोललो नाही. ते गेल्यावर बायकोने विचारलं, "तुम्ही तिथंच होता ना तेव्हा?" मी म्हटलं, "होतो."

आता तुझ्याशीच बोलतो. तू असतास तर हसला असतास आणि म्हणाला असतास, "इसनू, तुला सोपी कामं कदी भेटायचीच न्हाईत."

सुरुवात तूच केलीस. मी फिरतीवर आंबेगावला आलो होतो. दिवसभर पोरांचे दंड टोचून, आयांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी तुझ्याकडे टेकलो. तू खड्ड्यात पाय सोडून घोंगडीच्या मागावर बसला होतास. चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर होता. मी तंबाखू मळत होतो आणि तू धोटा न थांबवता म्हणालास, "मला कायतरी झालंय. तू बघून सांग."

मला वाटलं पोटाचं काही असेल.

"दुखत कायबी न्हाई," तू म्हणालास. "परवा दुपारी हितं बसलो व्हतो. माग व्हता, हात व्हते, लोकर व्हती, समदं चाललं व्हतं. निस्ता मी नव्हतो. मंग मी परत आलो, पर पयल्यावानी आलो न्हाई. तवापास्नं भ्या वाटत न्हाई."

"कशाचं?"

"कशाचंच न्हाई. मरायचं बी न्हाई."

मी हसलो नाही, हे तू नंतर चारचौघांत कौतुकाने सांगायचास. खरं कारण वेगळं होतं. माझी लेक चंद्रा पटकीने जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी कामावर जात होतो, जेवत होतो, लोक म्हणायचे काय धीराचा माणूस आहे. आतून मी वाळल्या लाकडासारखा झालो होतो. माणसाला असं काही होऊ शकतं, की ज्याच्यापुढे मरणही लहान वाटावं, हे खरं असेल तर मला ते हवं होतं. आणि खरं नसेल तर मला फसायचं नव्हतं. फसलो असतो तर दुसऱ्यांदा उठलो नसतो.

"तू बघून सांग म्हनतोय ते यासाटी," तू म्हणालास, "तू पोरांना टोचतोस अन् फिरून येऊन दंड बघून सांगतोस, ह्याला देवी उठल्या, ह्याला न्हाई उठल्या. तसं माझं सांग. उठलंय का मला भास झालाय."

"हे दंडावर कुठे उठतं, भिका?"

"ते तू शोदून काड. शिकलेला हायेस."

तेव्हापासून दोन-तीन वर्षं आपला तोच उद्योग. लोकांना वाटायचं आपण यात्रेला हिंडतो.

आधी तुला जुन्नरला आणून एका वेदान्ती शास्त्र्यांकडे नेलं. सज्जन माणूस होता. तुला पायरीवर बसवून त्यांनी जीव, ब्रह्म, माया असं विचारायला सुरुवात केली. तू प्रत्येक प्रश्नाला "त्यो शबूद मला ठावा न्हाई" म्हणालास. अर्ध्या घटकेने त्यांनी मला बाजूला घेतलं. "ज्याला स्वतःचा अनुभव शब्दांत सांगता येत नाही त्याच्या अनुभवाला प्रमाण कसं मानायचं? उद्या माझा बैलही म्हणेल."

परतताना मला वाटलं तू खट्टू होशील. तू म्हणालास, "त्यांचं बराबर हाय. त्यांच्या जागी मी बी तेच म्हनलो असतो." मग वेशीपाशी आल्यावर थांबलास. "पर त्यांना एक इचारायचं राह्यलं. तुमाला झालंय का?"

नंतर ओझरला गेलो. विघ्नहराच्या देवळाबाहेर एक गोसावी उतरला होता, नुसत्या नजरेने ओळखतो अशी त्याची ख्याती होती. त्याने तुझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "झालंय! याचं झालंय!" बायका तुझ्या पाया पडायला पुढे आल्या. तू कावराबावरा होऊन माझ्यामागे लपलास. मी गोसाव्याला म्हटलं, "महाराज, माझंही बघा जरा." त्याने मलाही तसंच न्याहाळलं. "तुझंही झालंय. तुला माहीत नाही एवढंच."

त्या दिवशी घाट उतरेपर्यंत आपण हसत होतो. मी तुला म्हटलं, जी लस प्रत्येक दंडावर उठलेली दिसते ती लस नव्हेच. तू म्हणालास, "शास्त्रीबुवा समद्यांना न्हाई म्हनत्यात अन् गोसावी समद्यांना हो म्हनतो. आता तूच ऱ्हायलास."

मग मी माझ्या परीने केलं. तुझी नाडी पाहिली, ती माझ्यासारखीच चालत होती. नारायणगावच्या बाजारात एका ओळखीच्या घोडेवाल्याला सांगून ठेवलं, की हा घोंगड्या घेऊन बसेल तेव्हा त्याला चारचौघांत चोर म्हण, माल सडका म्हण, आईबाप काढ. त्याने मन लावून काम केलं. लोक गोळा झाले. तू त्याच्या हातातली घोंगडी घेऊन उजेडात धरलीस आणि म्हणालास, "हितं धागा सुटलाय खरा. बरं झालं दावलंस, भाऊ." तो बिचारा मला नंतर म्हणाला, "असल्या माणसाला शिव्या द्यायला मला पुन्हा नका लावू, राव."

परीक्षा पार पडली असं कुणीही म्हणालं असतं. मी म्हटलं नाही, कारण मला तू शाळेतला आठवत होतास. पंतोजींनी दुसऱ्याच्या खोडीबद्दल तुला छड्या मारल्या आणि तू घरी जाताना म्हणालास, त्यांचा हात लई दुखला असंल. तू मुळातच तसा होतास. मग ज्ञानाने नवीन काय केलं? आधी कसा होतास ते कुणी पारखून ठेवलं असतं तर पुढचं ताडून पाहता आलं असतं.

ते पारखणारं एकच माणूस होतं. मी यशोदावहिनींना विचारलं. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मला वाटलं लाजतील. त्यांनी खरंच विचार केला. "घोंगडी तशीच इनत्यात. जेवन तेवढंच. चिडत न्हाईत, पर आदी तरी कवा चिडत व्हते? एक हाय भावजी. झोपंत दात खायचे. लगीन झाल्यापास्नं मी त्या कर्रकर्र आवाजानं जागी व्हायची. ते बंद झालं."

भिका, सगळ्या खटाटोपात माझ्या हाती पक्कं असं एवढंच लागलं. आत्मज्ञान झालं आणि दात खाणं बंद झालं. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू धोटा थांबवून पोट धरून हसलास. "शास्त्रीबुवांना सांगून ये!"

ओझरच्या गोसाव्याची आरोळी मात्र वाया गेली नव्हती. लोक यायला लागले. कुणी तुझ्या मागापाशी नुसतं बसून जायचं, कुणी पोराच्या तापासाठी अंगारा मागायचं. तू म्हणायचास, "अंगारा चुलीत हाय, न्या. तापाचं मात्र डाक्तरला इचारा." मंचरचे बुवा कीर्तनात तुझा दाखला देऊ लागले. तू विणत राहिलास. तुझ्या घोंगड्या तेवढ्या जास्त खपू लागल्या, लोक त्या अंथरायचे नाहीत, देव्हाऱ्याजवळ घडी करून ठेवायचे. त्याचा तुला खरोखर राग आला. "थंडीत पोरं कुडकुडत्यात अन् घोंगडी देवापाशी! देवाला काय थंडी वाजती?" तुझा तो राग मी पाहिलेला एकमेव.

मग गाठीचा ताप, प्लेग, आला.

गावं ओस पडली, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. मला साथीच्या कामावर आंबेगावकडे पाठवलं होतं. तुझा पोर रामा, नुकतीच मिसरूड फुटलेला, सकाळी काखेत दुखतंय म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत गेला. झोपडीत मी होतो, वहिनी होत्या. खांदा द्यायला दोघे आले ते बाहेर लांब उभे होते. कोणी जवळ यायला धजत नव्हतं.

तू रामाजवळ बसलास. त्याचे पाय सरळ केलेस, तोंडावरची माशी उडवलीस. त्याच्या अंगावर तूच विणलेली घोंगडी होती, ती गळ्यापर्यंत ओढलीस, जशी झोपलेल्या पोरावर ओढतात. आणि मग तुझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कुठल्याही माणसाचा ऐकला नव्हता. तू जमिनीवर पडलास. माती मुठीत धरून "रामा, रामा" करत होतास. वहिनींनी तुला ओढून डोकं मांडीवर घेतलं, तर त्यांचं लुगडं तोंडात धरून रडत राहिलास. त्या तुला थोपटत होत्या. स्वतःचं रडणं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. बाहेरचे दोघे हाका मारत होते, उन्हं चालली म्हणून. तू उठला नाहीस. मी आणि वहिनींनी तुला उठवलं.

खांदेकऱ्यांनी ते गावभर सांगितलं. ज्ञानी बायकांसारखा रडला म्हणे. तुझ्या मागापाशी बसणारे एकेक करत यायचे थांबले. बुवांचा दाखलाही बंद झाला. आणि खरं सांगतो, मीही मनात निकाल दिला. नाही उठलं. भास होता. मला त्याचा राग आला, तुझा नाही, त्या गोष्टीचा. चंद्रा गेल्यापासून मी ज्याच्या आशेवर होतो तेच नव्हतं.

साथ ओसरल्यावर आपण घोडनदीच्या काठी बसलो होतो. लोकर धुवून तू वाळत घातली होतीस. मी न राहवून विचारलं, "मग? भास होता ना?"

तू दगडावरची लोकर उलटी केलीस. "न्हाई."

"तू रडलास, भिका."

"रडू आलं, रडलो. लई आलं. अजूनबी येतं. पर त्याच्या खाली ते व्हतंच. हाललं न्हाई."

"ते तुझ्याशिवाय कुणाला दिसतं? तू म्हणतोस म्हणून मानायचं? मग त्या गोसाव्यात आणि तुझ्यात फरक काय?"

"काय न्हाई," तू शांतपणे म्हणालास. "मला भूक लागली तर ती तरी तुला कुटं दिसती? पर तू मला जेवाया वाडतोसच की."

"भुकेला माणूस खातो, ते दिसतं."

"मंग मी काय करतो ते बघ."

"तू घोंगड्या विणतोस."

"मंग?" तू म्हणालास आणि असा हसलास की मला तुला नदीत ढकलावंसं वाटलं.

आपला वाद तिथेच अडकला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. जे बाहेरून दिसत नाही ते आहे असं मी म्हणणार नाही, हे माझं. जे बाहेरून दिसत नाही ते नाही असं तू कसं म्हणतोस, हे तुझं. दर फिरतीला आपण तोच वाद नव्याने सुरू करायचो, आणि वहिनी म्हणायच्या, "आदी जेवून घ्या, मंग ब्रम्ह."

वर्षं गेली. खांदेकऱ्यांपैकी एक त्याच साथीत गेला होता, दुसरा मुंबईला गिरणीत लागला तो परत आला नाही. आणि गोष्ट हळूहळू उलटी झाली. कशी ते मला नीट सांगता येणार नाही. आधी बुवा म्हणू लागले, ते फारसे रडले नाहीत. मग रडलेच नाहीत. मग एका कीर्तनात पुत्राच्या चितेपुढे तू हसत उभा होतास. हे तुला कळलं तेव्हा तू घोंगडी खांद्यावर टाकून थेट मंचरला गेलास. मी बरोबर होतो. तू बुवांना म्हणालास, "बुवा, मी रडलो व्हतो. लई रडलो. तसं सांगा लोकांला."

बुवांनी डोळे मिटले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "बघा, केवढी नम्रता."

येताना तू घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेतलीस. मग म्हणालास, "इसनू, झालंय हे दावता येत न्हाई म्हनतोस. आता न्हाई झालं हे बी दावता येईना."

तुझ्या छातीत कफ दाटल्याचा निरोप आला तेव्हा मी मढ गावी कामावर होतो. पोचलो तेव्हा तू अजून माणसं ओळखत होतास. मी नाडी धरली. ती काय सांगत होती ते मला कळलं, तुलाही कळलं असावं. वहिनी पाणी आणायला गेल्या आणि मी वाकून विचारलं, "भिका, ते अजून आहे का?" तू माझ्याकडे पाहिलंस. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पाणी," तू म्हणालास.

वहिनींनी चमच्याने पाजलं. तू दोन घोट घेतलेस, डोळे मिटलेस. सकाळी गेलास. माझा प्रश्न तुला ऐकू गेला होता की नाही, हे मला आयुष्यभर कळणार नाही. हे मी बुवांना सांगितलेलं नाही. ते पाण्याचाही अर्थ लावतील.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी आंबेगावला आलो आणि वहिनींना विचारलं, "काय सांगू?" मला वाटत होतं, समाधी झाली तर त्यांना गावात मान राहील, आधार राहील.

त्या कोपऱ्यातली लोकर निवडत होत्या. "ते माज्या मांडीवर डोकं ठिवून रडले. रामासाटी माज्यासंगं रडणारं दुसरं कोण व्हतं? ते बी काढून घेत्यात का आता?" बराच वेळ लोकरीतले काटे काढत राहिल्या. "तुमाला जे दिसलं ते सांगा, भावजी. माजं मी बघीन."

मारुतीच्या देवळापुढे बाजारची माणसं जमली. बुवांनी तुझी थोरवी सांगितली, चांगली सांगितली, आणि मला पुढे केलं. मी म्हटलं, "भिकाजी माझा मित्र. तो खोटं बोलत नव्हता. रामा गेला तेव्हा मी तिथे होतो. तो रडला. जमिनीवर लोळून रडला."

बुवा म्हणाले, "डॉक्टर, चर्मचक्षूंना दिसतं ते सगळंच..."

पाटलांनी हात वर केला. "बुवा, दमा. डाक्तर, रडले का न्हाई, एवडंच सांगा."

"रडला."

"अन् त्यांना ते झालं व्हतं का? ग्यान?"

"तो म्हणत होता झालंय. मी तपासायचा प्रयत्न केला. मला कळलं नाही. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही."

लोकांत कुजबुज झाली. मागून एक म्हातारी पुढे आली. डोंगरातून हिरडा घेऊन येणारी, तू तिला ओळखत असशील, डोक्यावर अजून पाटी होती. तिची दोन पोरं रामा गेला त्याच साथीत गेली होती. ती मला म्हणाली, "खरंच रडले व्हते?"

"हो, आजी."

"आन् मी त्यांच्या दारी जायची सोडली व्हती. कीर्तनात ऐकलं, पोर मेलं अन् डोळा वला झाला न्हाई. म्हनलं, असल्या मानसाला माजं काय कळायचं." तिने पाटी खाली ठेवली. "आदी कुनी सांगितलं असतं तर."

मला बुवांची कीव आली. त्यांचाही तुझ्यावर जीव होता, फक्त रडणाऱ्या तुझ्यावर नव्हता.

समाधी होणार नाही. बुवा म्हणतात मंचरला पादुका बसवू, बसवोत. दगडांचं काय करायचं म्हणून पाटलांनी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नदीच्या उताराला पायऱ्या करा. पावसात बाया घसरत्यात." पाटलांनी गवंडी सांगितला आहे.

दुपारी मी जुन्नरला परत निघालो. घोडेगाव मागे पडलं, चढ लागला, वाटेवर कोणी नव्हतं. त्या म्हातारीची पाटी डोळ्यांपुढून जात नव्हती. मग चंद्रा आठवली. मी टोचायची पेटी घेऊन निघालो की ती माझ्या धोतराचा सोगा धरून वेशीपर्यंत यायची, ते आठवलं. भिका, मी वाटेच्या कडेला बसलो आणि रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्यासारखाच आवाज निघाला, मला त्याची लाज वाटली नाही. तुझ्यासाठी रडत होतो की तिच्यासाठी ते मला वेगळं करता आलं नाही.

आणि रडता रडता मी पाहिलं. तुला शपथेवर सांगतो, नीट पाहिलं, जसं दंड पाहतो तसं. याच्या खाली काही आहे का. मला काही दिसलं नाही. असेल तर माझ्या नजरेस ते पडलं नाही. पण रडणं संपलं तेव्हा मी उठलो, धोतर झटकलं, आणि समोर शिवनेरीवर ऊन पडलं होतं ते मला दिसलं. चंद्रा गेल्यापासून ते ऊन रोज पडत असणार.

एवढं तुला सांगायचं होतं. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. तू असतास तर भांडलो असतो.